गोठ्याखालचं मडकं

घरून, १४ मे २०२४

मोठ्या बाईले चंदाचा नमस्कार.

बोदलकसाले भावाकडे तब्येत बरी असेल. इकडे सारे खुशाल. उन्हाळी धान कापून झालं. तुमची लाल गाय व्याली, कालवड झाली. फोन तुमी उचलत नाई. काऊन उचलत नाई ते मले माहीत आहे, म्हणून हे पत्र लिवून राहिली.

गावामागच्या पांढरीवर, त्या जुन्या वस्तीच्या टेकाडावर, नागपूरचे लोक खोदून राहिले. हजार-बाराशे वर्षांमागचं खेडं निघालं म्हणतात. आपल्यासारखीच घरं, चुली, जळालेलं धानसुद्धा. मीबी रोजीनं जाते. ऊन म्हणजे नुसती आग, पण मन लागते.

बाई, आता खरं ते लिवते. त्या खेड्यात घराघराच्या कोपऱ्यात, जमिनीखाली मडकं निघालं. तोंडावर पणती उपडी, आत धान अन् लोखंडी खिळा. पहिलं पाहिलं तवा माझ्या हातातलं घमेलंच पडलं. दोन वर्षांमागं खुंटा रोवताना तुमच्या गोठ्यात निघालं होतं, अगदी तसंच! तवा माझी रिंकू तापानं फणफणली होती, अन् गावातल्या ह्या मेल्यांनी तुमाले जादूटोणेवाली ठरवून गाव सोडाले लावलं. मी एकटी भांडली, पण माझं कोण ऐकते? तुमचे दीर, म्हणजे आमचे हे, दारात उभे राहून चकार शब्द नाई बोलले.

मी खोदकामाच्या रेणूमॅडमले सारं सांगतलं. त्यांनी गोठ्यामागं फेकलेल्या त्या मडक्याच्या खापऱ्या पाहिल्या. म्हणाल्या, "हे त्याच खेड्यातलं. घर बांधताना सुख नांदावं म्हणून पुरत असावेत." अन् काल समाजमंदिरात साऱ्या गावासमोर तेच बोलल्या. तुमच्यावर सर्वात जास्त ओरडणारा दुलीचंद विचारते, "मंग माझ्याबी घराखाली असंल?" मॅडम म्हणाल्या, "असेलही!" त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. बाया तोंडाले पदर लावून हसल्या. मी मात्र रडली, बाई. छातीवरचा धोंडाच उतरला.

घरी आल्यावर ह्यांनी ताट तसंच सरकवलं. म्हणाले, "वहिनीले आणाले मीच जातो." येत्या रविवारी तिकडे येऊन राहिले. दुलीचंदलेबी सोबत घेऊन.

तुमचा स्वभाव मी जाणते. 'जाऊ द्या, झालं ते झालं' म्हणून लगेच पिशवी भराल. तसं बिलकूल करू नका. आधी दोघाईले अंगणात उन्हात उभं ठेवा. शेजारपाजाऱ्यांले बोलवा. 'आमचं चुकलं' हे त्यांच्या तोंडून, मोठ्यानं ऐका.

मंग या.

तवाबी तुमचीच, आताबी तुमचीच,
चंदा