गंगेच्या वाळूतल्या शिंपल्या

मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १८५८

शिंपली फुटली! दुर्गाच्या हातून निसटली, पाट्यावर पडली, दोन तुकडे. माझ्या आजोबांनी द्वारकेहून आणलेली, समुद्राची. या घरातलं प्रत्येक मूल तिच्यातून दूध प्यायलं. मी प्यायलो, माझी लेक सगुणा प्यायली. आता सगुणाच्या मुलीची पाळी आली आणि फुटली.

दुर्गाला बोललो. बायकोला बोलू नये इतकं बोललो. ती तुकडे वेचत म्हणाली, "फुटली तं फुटली. तसं बी तिच्या पोटात काय जाऊन राह्यलं व्हतं?"

ते खरं आहे. पोरीचा वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला आहे. तोंडात बोट घालून पाहिलं तर टाळूही दुभंगलेली. ओढता येत नाही. आईच्या अंगाला लावली की नुसती हवा ओढते आणि रडते. म्हणून सगुणाचं दूध वाटीत काढायचं आणि शिंपलीने पाजायचं. दुर्गा पाय लांब करून बसते, पोर पायांवर उताणी घेते, शिंपलीचं टोक गालात धरते. सगळ्या घरांत पाजतात तसंच. पण अर्धं दूध नाकातून परत. मग ठसका. मग निळी पडते.

माझ्या मते त्या शिंपलीचं टोक झिजलं होतं, दूध भसकन ओतलं जायचं. खोट शिंपलीत होती. उद्या गंगेवर जातो.

शुद्ध ६

चंपाषष्ठी. भरीत-रोडगे झाले, कोणी चवीनं खाल्लं नाही.

त्याआधी सकाळीच गंगेवर. (पंचांगात आणि नकाशात गोदावरी; इथं तिला गंगाच म्हणतात.) थंडी अशी की ओल्या वाळूत पाय ठेववत नाही. पाणी उतरून पलीकडच्या अंगाला वाळूचे पट्टे उघडे पडलेत, शिंपल्या तिथं. कडूबा भोयानं नावेतून सोडलं. त्याला गंमत वाटली.

"पाटील, मासे सोडून शिंपल्या? त्या आमच्या पोरी खेळाया येचत्यात!"

"काम आहे."

"काय आता शिंपल्यांचं घड्याळ करून राह्यले का?"

प्रत्येकाला उत्तर द्यायला मी बांधलेला नाही.

समुद्र मी पाहिलेला नाही, वाचलेला आहे. तिथं लाटा शिंपल्या आपण होऊन किनाऱ्याला आणून टाकतात म्हणे. इथं वाकून, बोटांनी वाळू उकरून काढाव्या लागतात. बोटं बधिर होतात, मग हाताला खडा लागला की शिंपली, काही कळत नाही. पहिलीच सापडली ती लांबट, बाहेरून काळपट, आतून मोत्यासारखी. पण टोक डावीकडे वाकडं. अशीच थैलीत टाकली, उपयोगाची नाही.

शुद्ध ८

दोन दिवस घासकाम. घड्याळाची बारीक कानस घेतली. एका सरळ शिंपलीचं टोक गव्हाच्या दाण्याइतकं निमुळतं केलं, कड भिंगातून तपासली. एक ओरखडा नाही. पाणी घालून पाहिलं: थेंबामागे थेंब, धार नाही. अशी शिंपली जालन्याच्या बाजारात पैसे टाकून मिळणार नाही!

मला हे कोणी शिकवलं नाही. घड्याळं दुरुस्त करणंही कोणी शिकवलं नाही. पहिलं उघडलं तेव्हा भाऊबंद हसले होते. आज जालन्याच्या स्टेशनाजवळचे अडतेसुद्धा घड्याळ माझ्याकडे पाठवतात.

दुर्गानं पोर पायांवर घेतली. मी स्वतः पाजलं. नाकातून आलं.

टोक अजून रुंद आहे.

शुद्ध ९

नवीन पाच घासल्या. पाचही तशाच.

शुद्ध १०

सगुणा भिंतीकडे तोंड करून झोपते. बाळंत झाल्यापासून पोरीकडे नीट पाहिलेलं नाही. सोनूबाई सुईणीनं पोर दाखवली तेव्हा एकदा पाहिलं, तेवढंच. आई म्हणते तेव्हा उठून दूध काढून देते, पुन्हा भिंत. आज मी म्हणालो, "सगुणा, बघ, ही शिंपली किती गुळगुळीत झालीय." हात पुढं केला नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून मोठ्या हौसेनं आणली होती.

शुद्ध १२

पोरीला दुपट्यात गुंडाळून मोटारीनं जालन्याला. दुर्गा बरोबर. डाक्टर चांगला माणूस. ओठ पाहिला, टाळू पाहिली, म्हणाले, "शिवता येतं. पण आता नाही. अंगात भर पाहिजे. आधी वाढवा, मग आणा."

"वाढवायची कशी?"

"दूध. दुसरं काय! पाजताना तिला..."

"ते मला ठाऊक आहे," मी म्हणालो. त्यांच्या मदतनिसासमोर मला पाजणं शिकवायला लागले होते! शिंपली काढून दाखवली. त्यांनी उलटसुलट पाहिली, "छान केली आहे" म्हणाले. तेवढ्यात दुसरा रोगी आत आला.

परत येताना दुर्गा म्हणाली, "ते काय म्हणून राह्यले व्हते ते तरी ऐकायचं."

शुद्ध १३

बारसं काल व्हायचं. पाळणा बांधला नाही. नाव नाही.

आज दुपारी व्याही आले, पिंपळगाव रेणुकाईहून, रामराव. पाणी घेतलं, गूळ घेतला नाही. पोर पाहायला माजघरात गेलेसुद्धा नाहीत.

"तुमच्या लेकीनं ग्रहण पाळलं न्हाई. इळ्यानं काय तरी कापलं आसंल."

"ग्रहण आषाढी पौर्णिमेला होतं, रामराव. तेव्हा ती तुमच्याच घरी होती."

"तुमचं पंचांग तुमच्यापाशी राहू द्या." मग आवाज उतरवला, जणू उपकार करून राहिलेत. "हे बघा व्याही. ते लेकरू काही जगणार न्हाई. ते गेलं की सगुणेला लावून द्या. बिलकुल नांदवू, आमचा शबूद. पर ते तोंड घेऊन आमच्या दारात यायचं न्हाई. न्हाईतर मंग आमच्या जगन्नाथाला दुसरी बघावी लागंल."

दाराआड बांगड्या वाजल्या. सगुणा उभी होती. सगळं ऐकलं तिनं.

आणि कोण बोलतंय? हा माणूस! मागल्या साली मी लग्नात दिलेलं लंबकाचं घड्याळ कणगीवर उताणं ठेवलं आणि "बंद पडलं, काट्यात खोट हाय" म्हणून गाडीत घालून इथवर आणलं. मी काही उघडलं नाही, फक्त भिंतीला टांगलं. चालू! याची अक्कल तेव्हाच कळली होती. त्याच्या घरात मुलगी देताना कळायला हवी होती.

शुद्ध १४

पुन्हा गंगेवर, अंधार फिटायच्या आत. शिंपल्या दगडासारख्या थंड. खोल बुडाच्या घेतल्या, उथळ घेतल्या, पोरीच्या मुठीएवढ्या लहानही घेतल्या. सगळ्या घासल्या. डोळे दुखतात.

पायांवर. उताणी. नाकातून.

तिचं रडणं आता आवाजाचं राहिलं नाही. तोंड उघडतं, बस्स.

पौर्णिमा

दत्तजयंती. सगुणाचं दूध आटलं. शेळीचं, पाणी घालून, सुरू केलं. तेही परत येतं.

वद्य १

आज शिंपल्यांसाठी गेलो नाही. कडूबाला गाठलं.

"पुराचं पाणी जिथवर येत नाही अशी जागा कोणती रे?"

"काय पुरायचं हाय का, पाटील?" हसायला लागला होता. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि वल्हं खाली ठेवलं. आम्ही दोघं काठाकाठानं बाभळीपर्यंत गेलो. माती मऊ आहे. "आमचे ल्हाने हितंच हायेत," तो म्हणाला. "माझे बी दोन." पंधरा वर्षं त्याच्या नावेत बसतो, हे मला ठाऊक नव्हतं.

उद्या परवा लागेल म्हणून सांगून ठेवलं.

घरी येऊन थैली उकिरड्यावर उपडी केली. घासलेल्या, बिनघासलेल्या, सगळ्या. सगुणा दारातून पाहत होती. कानस पुसून तेल लावून पेटीत ठेवली. या हातांना जमलं नाही अशी ही पहिली गोष्ट. लिहून ठेवतो, म्हणजे पुढं खोटं बोलता येणार नाही.

पोर गेली की रामराव सगुणाला नेईल. तिला तरी घर राहील. हा हिशेब मी मांडला! आजोबा मी तिचा.

दुर्गानं आज पाजलं नाही. "किती छळायचं?" म्हणाली.

वद्य २

सकाळी अंगणात सगुणा. पोर मांडीवर, उताणी नाही. ताठ बसवलेली! पाठ स्वतःच्या छातीला टेकवून, हनुवटी बोटांत धरून, तोंड उन्हाकडे.

ओरडलो, "अगं, एवढ्या जिवाला कोणी बसवतं का? मान मोडंल!"

"मरायचंच हाय, तं ऊन बघून मरू द्या, आबा."

हातात उकिरड्यावरची शिंपली, ती पहिली, वाकड्या टोकाची. गालात धरली. पोरीनं गिळलं. परत धरली. परत गिळलं. नाक कोरडं!

उताणं ठेवलेलं घड्याळ. आणि मी काट्याला कानस लावत बसलो!

वाटी रिकामी झाली. सगुणानं मागं न पाहता माझ्याकडे धरली.

"आबा, जल्दी. आजून मागून राह्यली."