रिऊक्यू बेटं, मुक्काम औरंगाबाद

२१ जून १९७४, शुक्रवार
धाकट्या भावाचं, मधूचं पाकीट आलं. त्याचं जहाज नाहा बंदरात थांबलं तेव्हा माझ्यासाठी नकाशे, चित्रं गोळा केलीत. मी लिहितेय त्या सातवीच्या पूरक पुस्तिकेला पुरतील. रिऊक्यू बेटं, जपानच्या नैर्ऋत्येला, ओळीनं. ऊस, रताळी, अननस. घरं ठेंगणी, लाल कौलांची. वादळं येतात म्हणून भोवती पोवळ्याच्या दगडाची भिंत.
बारा वर्षं भूगोल शिकवते. समुद्र पाहिलेला नाही.
आईला चित्रं दाखवली. उजवं अंग गेल्याला तीन वर्षं होतील. तेव्हापासून जेवते ती माझ्याच हातून. घराच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "भिंत... लई."

२ जुलै, मंगळवार
पुण्याचं पत्र! एम.एड.ला प्रवेश मिळाला. १ ऑगस्टला हजर व्हायचं. शाळेची वर्षाची रजा मंजूर आहेच. मधूनं दिवाळीतच कबूल केलंय, आईसमोर: "ताई, एक वर्ष मी घरी राहतो. तू शीक."
शेजारच्या शमीमचाचींना जिन्यातच सांगितलं. "हौ, जा बेटी. पढ ले."

६ जुलै
इतिहासाचं प्रकरण. बेटांवर स्वतःचा राजा होता. चीनला नजराणे जायचे. मग दक्षिण जपानच्या सरदारानं राज्य जिंकलं, पण चीनसमोर ते लपवायचं. धनी दोन, हुकूम दोघांचे. परवाच्या महायुद्धात लोक गुहांत लपले, कितीतरी तिथंच मेले. नंतर सत्तावीस वर्षं अमेरिकेचा अंमल. दोन वर्षांपूर्वी परत जपानकडं.
पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, तेव्हा मी आठ वर्षांची. उर्दूच्या तासाला मराठी सुरू झालं, मला वाटलं मौलवीसाहेब आजारी आहेत.

११ जुलै
मधूचं पत्र. सेकंड ऑफिसर केलंय. आणखी एक वर्षाचा करार, सही करून मोकळा. "अशी संधी परत नाही, ताई. तू आहेस म्हणून मला घोर नाही."
आईला नुसती बढती सांगितली. अर्ध्या तोंडानं हसली.
उत्तर लिहायला घेतलं. "चि. मधू", आणि पुढं काही

१४ जुलै, रविवार
चालीरीती. तिथं भाऊ समुद्रावर निघाला की बहीण स्वतः विणलेला पंचा त्याला देते. तिचा जीव पांढरा पक्षी होऊन जहाजावर बसतो, त्याला राखतो, अशी समजूत. झरझर लिहिलं, बरंही उतरलं. मग हात थांबला. बहिणीलाच जायचं असेल तर? मधूच्या कागदांत नाही. तीनदा चाळले.

२० जुलै
चाचींना मधूचं खरं काय ते सांगितलं. म्हणाल्या, "मैं हूँ ना. तेरी अम्मा, मेरी बी अम्मा." दुपारी मऊ भात घेऊन आल्या. आईनं तोंड फिरवलं. पुन्हा दिला, पुन्हा फिरवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाची गेल्यावर विचारलं, "सोवळं का गं?"
"नाय."
"मग?"
"तू."
सोवळं म्हणाली असती तर भांडले असते. आता कुणाशी भांडू?

२२ जुलै
वर्गात शिकवताना शब्दच विसरले. द्वीपकल्प. पोरी हसल्या.

२७ जुलै, शनिवार
पुण्याला होकार पाठवला. पत्र पेटीत पडल्यावर तिथंच उभी राहिले.
घरी येऊन आईच्या खाटेवर बसले, सगळं सांगितलं. मधू येत नाही. मी बुधवारी जाते. चाची बघतील. ती नुसती माझ्या हाताकडं बघत राहिली. रात्री मी भरवायला गेले तर तोंड मिटलेलं. माझ्याही हातून नाही.

२८ जुलै, रविवार
सकाळचा चहासुद्धा घेतला नाही. मी रडले, रागावले, पाया पडले. शेवटी चाची वाटी घेऊन आल्या.
"तू बाहर जा बेटी. तू सामने है तो उनो मूँ नै खोलते."
जिन्यात येऊन बसलेय. वही मांडीवर. आतून चाचींचं बोलणं येतंय, हळू, तान्ह्या पोराशी बोलावं तसं. मधेच थांबलं. चमचा वाटीला लागला. घास गेला की आईनं हातानं वाटी लोटली, इथून कळत नाही. उठावंसं वाटतंय. चाचींनी कडी लावून घेतलीय.