डाव्या भिंतीची कवायत

ती. ताईस,

धाकट्याचा उभ्यानेच नमस्कार. (वाकलो की दम लागतो, तेव्हा वाकलो असं समजून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींना खरंच कमी ऐकू येतं, की अजून सोयीपुरतंच?

इकडे सगळं ठीक, फक्त माझं हृदय बेशिस्त निघालं. पाय सुजले, जिना चढताना धाप लागायला लागली, म्हणून डॉक्टरीणबाईंनी हृदयाची सोनोग्राफी सांगितली. अंधाऱ्या खोलीत डाव्या कुशीवर निजवून छातीला गारढोण जेल फासतात, वरून एक दांडकं फिरवतात, आणि पडद्यावर आपलंच हृदय आपल्याला हलताना दिसतं. ताई, मी जन्मभर शाळेत कवायत शिकवली, पोरांच्या पिढ्या एका तालात चालवल्या, आणि माझ्याच छातीत हा सावळागोंधळ! मधली भिंत वेळेवर आत येते आणि डावी आपली मागून रमतगमत. तपासणारा म्हणाला, "हार्ट फेल्युअरमध्ये होतं असं, सर. भिंती एकदम आवळत नाहीत, मग रक्त पुरेसं बाहेर पडत नाही." माझं डोकंच सणकलं. मी त्या भिंतीवर ओरडलो, "सावधान!"

तो तपासणारा माझाच जुना विद्यार्थी निघाला. (मला काय माहीत, तेव्हा त्याला केस होते.) त्याने टाचा जुळवल्या, हात मांड्यांना चिकटवले आणि दांडकं खाटेखाली लोंबकळायला लागलं. बाहेर बाकावरचे पेशंट ताडकन उभे, कारण अर्धं गाव माझ्या हाताखालून गेलेलं. डॉक्टरीणबाई काय झालं म्हणून धावत आल्या आणि दारातच ताठ झाल्या. आता 'विश्राम' म्हणायला हवं, तर मला दम कुठे होता? सगळे तसेच खांबासारखे उभे. शेवटी फरशी पुसणाऱ्या मावशी (त्या दुसऱ्या शाळेच्या) करवादल्या, "अहो, बसा की आता!" तेव्हा कुठे दवाखाना सुरू झाला.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छातीत पेसमेकरची एक डबी बसवू, ती दोन्ही भिंतींना बरोबर हुकूम देईल. माझ्या छातीत हुकूम देणार डबी? मी साफ नाही म्हटलं. रोज सकाळी गॅलरीत उभा राहून मीच डाव्या भिंतीची कवायत घेतोय. खालच्या मजल्यावरचे लोक आता पावलं जुळवून कामाला जातात. तेव्हा काळजी नसावी.

भावजींना नमस्कार. (मोठ्याने सांग.)

तुझा,
धाकटा

ता. क. काल पुन्हा पडद्यावर पाहिलं. भिंत ढिम्म सुधारलेली नाही. डबीला हो म्हणून आलोय. बुधवारी बसवतात.

ता. क. आणखी एक. मला भीती वाटते, ताई. शाळेत जाताना मी मागे रेंगाळायचो, तेव्हा तू रागावायची नाहीस, थांबायचीस आणि हात धरून 'एक-दोन, एक-दोन' म्हणत मला बरोबर न्यायचीस. मी सगळ्या पोरांना शिकवलं ते तेवढंच. बुधवारी येशील? भावजींना नाही आणलंस तरी चालेल.