कार्डावर न लिहिलेले तास

अण्णा, तुम्ही गेल्यावर तुमच्याशी मनातल्या मनात बोलायची सवय मी हळूहळू मोडली होती. आज दुपारपासून मात्र एका जागी बसवत नाही. दोनदा चहा ठेवला आणि दोनदा अर्धवट टाकून उठले. शेवटी वही घेतली.

मी काय काम करते ते तुम्हाला कधी नीट सांगता आलं नाही. "सरकारचं का कंपनीचं?" असं तुम्ही विचारायचात. दोघांचंही नाही म्हटलं की म्हणायचात, "मंग तुमचं ऐकतं कोण?" आमची संस्था वीज, पाणी, पर्यावरण यांच्या धोरणांचा अभ्यास करते. कुणाची बाजू न घेता जे दिसलं ते मांडायचं, एवढंच. यंदा शेतीला वीज खरोखर किती तास येते ते मी तपासत होते. कुंभार पिंपळगावच्या बाजूच्या शेतकऱ्यांना छापील कार्डं दिली. वीज कधी आली, कधी गेली, तेवढं लिहायचं. अख्खा रब्बी हंगाम त्यांनी ती इमानानं भरली. बेरीज केली तर ठरल्याच्या निम्मेच तास निघाले. अहवाल तयार झाला. परवा जाहीर सुनावणीत तो मीच मांडणार आहे.

आज सकाळी आभार मानायला म्हणून तिकडे गेले होते. सगळ्यांत नीटनेटकं कार्ड ज्यांचं, ते एक वयस्कर काका विहिरीजवळ विडी ओढत बसले होते. मोटार बंद होती, पण स्टार्टरच्या खोक्यावरचे तिन्ही दिवे लागलेले. लाइट असून मोटार का बंद, असं मी सहज विचारलं. ते म्हणाले, आमचा नंबर दुपारनंतर. मग कार्डावर कोणते तास लिहिलेत, असं विचारलं.

"आमच्या नंबरात जेवढी आली तेवढी लिहिली. बाकीच्या टायमाला व्हती की, पण ती दुसऱ्याची. दुसऱ्याची लाइट मी माझ्या कार्डावर कशी लिहू?" मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "सगळ्यांनी एकदम मोटारी चालू केल्या तं डीपी जळती. एवढ्या शिकल्या न् हे बिलकुल माहीत न्हाई का मॅडम?"

माहीत होतं, अण्णा. तुम्ही वडीगोद्रीला वायरमन होतात, तेव्हाची गोष्ट. नवा बसवलेला ट्रान्सफॉर्मर, म्हणजे हीच डीपी, आठवड्यात जळला आणि माणसं तुमच्या अंगावर धावून आली. मी सातवीत आहे, तुमचा डबा घेऊन आलेय. तुम्ही बांधावर बसता, एकेकाला खाली बसवता आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे प्रत्येकाचा नंबर लिहून देता. एकजण भर दुपारच्या नंबरावरून भांडतो. तुम्ही मान वर न करता म्हणता, "नंबर बदलू, पण डीपी एकच हाय." माणसं हसतात आणि पांगतात.

कॉलेजातून सुटीला आले असताना मी गावासाठी अर्ज लिहिला होता, तोही आठवतो. गाव तीन दिवस अंधारात होतं, मी आठ लिहिले. तुम्ही कागद परत माझ्यापुढे सरकवलात. "आठ लिहिलेस तं ते तीनबी खोटे ठरतेत." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते.

पुण्यातल्या सहकारी बाईंना मी विहिरीवरूनच फोन केला. त्या म्हणाल्या, अर्थ तोच राहतो ना, शेताला पाणी निम्माच वेळ मिळतं. ते खरं आहे. ट्रान्सफॉर्मर अपुरे आहेत, हे मांडायलाच हवं. पण आम्ही लिहिलंय की वीजच निम्मे तास येते. परवा कंपनीचा माणूस उपकेंद्राची नोंदवही उघडेल आणि काकांचं कार्ड सगळ्यांसमोर खोटं ठरेल. ज्या माणसानं दुसऱ्याचे तास आपल्या नावावर लिहिले नाहीत, त्याचं कार्ड.

घरी येऊन मी तासांचे सगळे तक्ते मागे घेतले. बाई नाराज आहेत. परवा माझ्या हातात दाखवायला फारसं काही नसेल. काकांनाही फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मंग आम्ही पूर्ण हंगाम काय उगंच लिहून राह्यलो व्हतो का?" मी म्हटलं, चूक माझी आहे, तुम्ही बराबर लिहिलंत. त्यांनी फोन ठेवला.

कार्यालयाला पाठवलेल्या पत्रात मी लिहिलंय, 'कार्डावरचा प्रश्न मोघम असल्यानं नोंदी अपुऱ्या आल्या.' वाक्य खरं आहे. तासांची बेरीज झाली त्या दिवशी मला क्षणभर तुमचे कॅलेंडरमागचे नंबर आठवले होते, काकांना विचारावं म्हणून मी फोन हातातही घेतला होता, हे मात्र त्या पत्रात नाही. फोन खाली ठेवला, कारण आलेला आकडा मला आवडला होता. तुम्ही असतात तर तुम्हालाही मी हे सांगितलं असतं, असं वाटत नाही.