खालून पहिली पायरी

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मृतांच्या सणाला मी कबरस्तानात येते, आईबाबांच्या कबरीवर मेणबत्त्या लावते आणि तुमच्यापाशी सगळ्यांत शेवटी, घाईघाईत दोन फुलं ठेवून निघते. तिथे उभं राहवत नाही मला. का, ते आज लिहायला बसले आहे.

प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये कुणाचे वडील कोण, हे आम्हा पोरांना धर्मशिक्षणाच्या आधी पाठ होतं. माझे बाबा फोरमन होते आणि तुमचे यजमान खलाशी, म्हणजे रेल्वेतले साधे मजूर. दर रविवारी मिस्सा झाली की चर्चच्या ओसरीत तुम्ही वर्ग घ्यायचात. पुस्तकात देवदूतांच्या नऊ श्रेणी वरून दिल्या होत्या, आधी सराफीम, मग करूबीम, असं करत तळाला मुख्य दूत आणि त्यांच्याही खाली साधे देवदूत. तुम्ही मात्र फळ्यावर जिना काढलात आणि तळाच्या पायरीवर १ हा आकडा घातलात. "जिना वरून चढतं का गं कुणी? आपल्या घरी येतो तो हाच, साधा. आधी त्याची ओळख, मग वरच्यांची." तुमच्या साडीला अजून खडू लागलेला दिसतो मला.

मुख्य दूतांच्या सणाला नऊ मुलं पुठ्ठ्याचे पंख लावून एकेक श्रेणी सांगणार होती. साधा देवदूत तुम्ही मला दिलात आणि सहा पंखांचा सराफीम एका खलाशाच्या मुलीला. मी रुसले, तर म्हणालात, "तोंड कशाला पाडतेस? सुरुवात तुझी आहे. तुझा आवाज मागच्या बाकापर्यंत जातो." माझ्या डोक्यात ते शिरलंच नाही. फोरमनची मुलगी तळाला, एवढंच दिसत होतं. मी तडक फादरांकडे गेले आणि गुजरातीत सांगितलं, बाई सगळं उलटं शिकवतात. "फादर, बाई तो बधुं ऊंधुं शीखवाडे छे." फादर कडक होते, पण अन्यायी नव्हते. त्यांनी पुस्तक उघडून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, बाईंनी याचं काही कारण सांगितलं होतं का? जिना माझ्या डोळ्यांसमोर होता, बाई. मी म्हणाले, नाही.

पुढच्या रविवारी ओसरीत दुसऱ्या बाई उभ्या होत्या. वर्ग पुन्हा तुमच्याकडे कधीच आला नाही. तुम्ही वेदीवरची वस्त्रं धूत राहिलात, शेवटपर्यंत. सणाच्या दिवशी सराफीम मी होते. आत जायच्या आधीच माझा एक पंख सुटला आणि मी रडायला लागले. तुम्ही मागच्या बाकावरून उठून आलात, पदराची पिन काढलीत, पंख घट्ट लावलात आणि एका हाताने पदर धरून परत जाऊन बसलात. तुम्हाला माहीत होतं का? मी कधी विचारलं नाही. त्यानंतर रस्त्यात दिसलात की मी सायकल दुसऱ्या गल्लीत घालायची.

आता मी फतेगंजमध्ये राहते. परवाच्या रविवारी तिथल्या चर्चमधल्या धर्मशिक्षणाच्या शिक्षिका गावाला गेल्या म्हणून वर्ग माझ्याकडे आला आणि धडा नेमका देवदूतांचा निघाला. मी फळ्यावर जिना काढला. एक मुलगी म्हणाली, "आंटी, बुकमां तो उपरथी छे." मी म्हणाले, जिना वरून चढतं का कुणी? मुलं हसली, साधा देवदूत कुणाकुणाच्या घरी येतो ते सांगायला त्यांची झुंबड उडाली. मला इतकं बरं वाटलं की रडू येईल असं झालं.

हा कागद मी धर्मशिक्षणाच्या जुन्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे टाकणार? पण एक सांगायचं राहिलं. तिथले फादर दारात उभे राहून सगळं ऐकत होते. वर्ग सुटल्यावर कौतुकाने म्हणाले, "बहु सरस! आ तमने कोणे शीखवाड्युं?" तुमचं नाव अगदी ओठांवर आलं होतं, बाई. पण पाठोपाठ ते विचारणार, त्या बाई कुठे शिकवायच्या, मग शिकवणं का सोडलं. मी हसले आणि म्हणाले, कुणी नाही फादर, असंच सुचलं.