घरापुरती बंद

३ फेब्रुवारी, मंगळवार

उघडत नाही! सकाळपासून ते चक्र नुसतं फिरतंय, फिरतंय, आणि मग पांढरंफटक पान — 'या साइटपर्यंत पोहोचता येत नाही.' बाकी सगळं सुरळीत. बातम्या उघडतात, बँक उघडते, हिचे विणकामाचे व्हिडिओ तर न सांगता उघडतात. बसकंपनीची वेळापत्रकाची साइट तेवढी बंद.

म्हणजे आजची तक्रार राहिली. रुग्णालयाच्या मार्गावर रात्रीची शेवटची बस अजून दाखवतायत. ती बस केव्हाच बंद झाली! कुणी आजाऱ्याला भेटून बाहेर पडेल आणि थांब्यावर खांबासारखा उभा राहील. ह्यांना काय त्याचं सोयरसुतक.

४ फेब्रुवारी

राउटर बंद केला. चालू केला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. सगळे दिवे हिरवे. आमच्या बसडेपोतही असेच होते काही — हजेरी पूर्ण, काम शून्य. ही म्हणाली, 'त्याला चार शब्द सुनावून बघा, तुम्हाला हौस आहेच.'

विनोद सुचतात लोकांना.

५ फेब्रुवारी, गुरुवार

ब्राउझरमधलं जुनं सगळं पुसलं. दुसऱ्या ब्राउझरमधून पाहिलं. राउटरच्या पाठीवरच्या बारीक भोकात टाचणी घातली — त्याने अख्खं नेटच गेलं, ते परत आणण्यात दुपार गेली. साइट नाहीच.

मग हिच्या फोनवर वायफाय बंद करून, तिच्या स्वतःच्या नेटवर पाहिलं. टकाटक उघडली! वायफाय लावलं की पुन्हा चक्र. म्हणजे साइट जिवंत आहे, आमच्या घरी तेवढी मेली आहे. म्हटलं, दे तो फोन, तक्रार पाठवून टाकतो. दिला नाही. 'माझ्या फोनवरून कुणाला शिव्या द्यायच्या नाहीत.' शिव्या? मी शिवी कधी दिली? मी फक्त विचारतो. उदाहरणार्थ, 'ज्याने हे पान केलं त्याने आयुष्यात बस पाहिली आहे काय?' हा प्रश्न आहे!

लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला उद्योग नाही. नाहीच. डेपोत कंट्रोलर होतो तेव्हा वेळापत्रकाचा फळा मी माझ्या हाताने लिहायचो. त्या फळ्यावर लोक घड्याळं लावायचे. मग फळा उतरवला, साइट आणली आणि मला निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. तेही मागे पडतं. आता रोज सकाळी चहाच्या आधी एक मार्ग तपासायचा, चूक पकडायची, 'तक्रार नोंदवा' दाबायचं. आणि संध्याकाळपर्यंत ती चूक दुरुस्त झालेली असायची! दरारा आहे अजून. त्या एका गोष्टीवर माझा दिवस जातो. खोटं कशाला बोलू, इथे कोण वाचतंय.

८ फेब्रुवारी, रविवार

ठकी आली होती. म्हटलं, आता लेकीपुढे राउटरची काय बिशाद! लहानपणापासून हात लावला की वस्तू सुरू होते पोरीच्या. शाळा सुटली की माझ्या केबिनमध्ये यायची, बाकावर बसून गृहपाठ करायची, आणि मी चहाला गेलो की माइकवर हीच पुकारायची — कुठली बस, कुठला फलाट. प्रवाशांना कळायचंही नाही.

आज पाच मिनिटांत हात टेकले तिने. वायर काढली, लावली, दोन-चार बटणं दाबली. म्हणाली, 'सोडा ना, बाबा. महिनाअखेरपर्यंत दम धरा. एक तारखेला होईल सुरू.'

'तुला काय स्वप्न पडलं?'

'असतात अशी कामं साइटवाल्यांची.'

सुकली आहे. एका कॉम्प्युटर कंपनीत आहे, कंत्राटावर. काय करतेस विचारलं की म्हणते, 'पानं भरते.' कुणाची? 'लोकांची.' धड उत्तर नाही. पण महिनाअखेरीला कायम करणार आहेत म्हणे. नाव वर गेलंय. कायम झाली की कंपनीचा विमा आईवडिलांनाही लागू. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्यावरच अडलंय. ही जिना उतरते ती कठड्याला दोन्ही हातांनी धरून, आडवी आडवी. तोंडाने हूं की चूं नाही. एकदा ठकीचं होऊ दे, मग मी मोकळा.

तिला जरा हसवावं म्हणून माझ्या निवडक तक्रारी वाचून दाखवल्या. आवाज लावून वाचल्या. 'या इसमाला कामावर ठेवण्यापेक्षा खुर्ची रिकामी ठेवा, खुर्ची निदान चुका करत नाही.' ही मला स्वतःला फार आवडते. ठकी कप विसळत होती. विसळलेलेच पुन्हा विसळले. पूर्वी माझ्या बोलण्यावर खिदळायची.

'रोज पाठवायलाच हव्यात का, बाबा?'

'चुका रोज होतात तोवर!'

चहा अर्धा टाकून गेली.

१० फेब्रुवारी

नेटच्या कंपनीला फोन. 'तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' इतका महत्त्वाचा की कुणी उचलतच नाही! उचलला तेव्हा म्हणे, राउटर बंद करून चालू करा. म्हटलं, बाई, तुम्ही स्वतःला एकदा बंद करून चालू करा.

ठेवला तिने. आता मीच वाईट.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वायरवाला आला एकदाचा. आधी गच्चीवर गेला, मग खांबापाशी, मग परत गच्चीवर. नवी वायर टाकली. काही नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मनात म्हणत मी शिडी धरून उभा.

शेवटी बसला स्वतःचं मशीन उघडून. पडद्यावर ओळी सरकत होत्या. म्हणाला, 'काका, रस्ता चांगला आहे. इथून निघतो, मधले सगळे टप्पे घेतो, त्यांच्या दारापर्यंत जातो. दार त्यांनी लावलंय.'

'सगळ्यांना?'

'नाही. प्रत्येक घराच्या नेटला एक नंबर असतो, पत्त्यासारखा. त्यांनी तुमच्या घराचा नंबर अडवलाय. तुमच्यापुरती साइट बंद.'

'आपोआप होतं का असं?'

'होतं कधी कधी. पण ते थोड्या वेळाने सुटतं. हे कुणीतरी हाताने केलेलं दिसतंय.' मग म्हणाला, 'अर्ज द्या, आम्ही तुमचा नंबर बदलून देऊ. मिटलं.'

मी का बदलू? घर माझं, नंबर माझा, चूक त्यांची — आणि पत्ता मी बदलायचा?

१३ फेब्रुवारी

हाताने केलेलं! कुणीतरी खुर्चीत बसून, माझा नंबर शोधून, मला अडवलं. ज्या कंपनीला मी माझी जवानी दिली, तिच्या दारातून मला हाकललं. दिवसभर तोंडाला चव नाही. राग म्हणावा तर राग, पण खरं म्हणजे लाज वाटते आहे. आपण एवढे नकोसे होतो?

१५ फेब्रुवारी, रविवार

ठकी आली नाही. काम आहे म्हणे. हिला फोन केला होता. वायरवाला काय म्हणाला ते हिने सांगितलं तिला. त्यावर निरोप — 'बाबांना म्हणावं, कुठे जाऊ नका, कुणाला भेटू नका. पंधरा दिवस फक्त. माझ्यासाठी.'

तिच्यासाठी! तिचा काय संबंध? बापाचा अपमान झालाय आणि पोर म्हणते, गप्प बसा. ही पण तिचीच री ओढते. 'ऐका ना एकदा तिचं. जित्याची खोड तुमची.'

घरात माझ्या बाजूने एक राउटर तेवढा आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

गेलो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला कंपनीचा जुना बिल्ला. मुख्य कार्यालय, तिसरा मजला. तिथल्या केबिनमध्ये कोण असावं? लेटलतीफ! माझ्या हाताखाली शिकाऊ होता, तेव्हा आम्ही त्याला हेच म्हणायचो. रोज उशिरा. आता त्याच्या दारावर पाटी आणि टेबलावर काच. पण उठून उभा राहिला, हे सांगायला हवं. 'बसा, साहेब.'

सगळं सांगितलं. मोठ्याने सांगितलं. बाहेरचे लोक वाकून बघत होते. म्हणाला, 'साइट आपण चालवत नाही. बाहेरच्या कंपनीला काम दिलंय.' म्हटलं, मग कर फोन. माझ्यासमोर कर.

केला. 'एका जुन्या माणसाला अडवण्याचा हा उद्योग कुणाचा? शोधा.' बराच वेळ नुसता कानाला लावून बसला. मग हात ठेवून मला म्हणाला, 'कुणीतरी कंत्राटी आहे. कुणाला न विचारता केलंय. त्यांचे साहेब म्हणतात, काम चांगलं आहे, समज देऊन सोडू का?'

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! म्हटलं, 'तुला मी किती वेळा समज दिली होती रे? सुधारलास?'

हसला ओशाळून. मग ते हसूही गेलं. फोनवर म्हणाला, 'नाही, नको. कडक कारवाई करा.'

येताना बसने आलो. बस वेळेवर होती. खूप दिवसांनी चांगली भूक लागली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

उघडली! एका झटक्यात! लेटलतीफचा स्वतःचा फोन आला सकाळी — 'अडवणूक काढली, साहेब. ज्याने केलं त्यालाही काढलं.' म्हटलं, हे आधीच केलं असतं तर?

हिला हाक मारली, बघायला ये. आली नाही. भाजी निवडत होती. असो. रुग्णालयाच्या शेवटच्या बसची तक्रार पाठवली. आधी तीच.

ठकीला रविवारी दाखवीन. म्हणावं, एक तारखेची वाट बघत बसलो असतो तर!

२२ फेब्रुवारी, रविवार

ठकी आली नाही. फोनही बंद.

२५ फेब्रुवारी

रुग्णालयाची बस अजून तशीच. पुन्हा पाठवलं. काल कळवलेलं थांब्याचं चुकीचं नावही तसंच. पूर्वी संध्याकाळपर्यंत व्हायचं. नवीन कुणी ठेवलेला दिसतोय. हा तर आधीच्यापेक्षा ठोंब्या!

ही बोलत नाही फारसं. गुडघा दुखत असेल.

१ मार्च, रविवार

ठकी आली. हातात पिशवी, पिशवीत तिचा ऑफिसातला कप आणि ऑफिसात घालायचा स्वेटर. मी आधी लॅपटॉपच पुढे केला. 'बघ! उघडली!'

'माहीत आहे, बाबा. मीच अडवली होती.'

बसकंपनीची पानं तीच भरायची. मागून घेतली होती ती पानं — मार्ग पाठ होते म्हणून. तक्ते बसकंपनीकडूनच चुकीचे यायचे. मी सकाळी लिहायचो, ती दुपारचं जेवण सोडून दुरुस्त करायची. पण तिच्या ऑफिसात तक्रारी मोजतात, दुरुस्त्या नाही. कायम होईपर्यंत शांतता हवी होती, एवढंच.

'बस पाहिली आहे काय, असं विचारलं होतंत तुम्ही. मला.'

म्हटलं, 'सांगायचं होतंस ना, ठके!'

'सांगितलं असतं तर थांबला असतात?'

ही जिन्याचा कठडा धरून तिला खालपर्यंत सोडायला गेली. मी खुर्चीतच. तिच्या प्रश्नाचं उत्तर इथे लिहितो — नसतो थांबलो.