शय्यादानात गेलेल्या सोंगट्या

३ डिसेंबर १९६१, अमरावती
अकोल्याहून सासूबाईंचे कार्ड. "नाताळच्या सुट्टीत या. येताना कुमुदच्या सोंगट्या आणा." सोंगट्या त्यांनीच लेकीला लग्नात दिल्या होत्या. दरवर्षी जठारपेठेतील घरी मायलेकी पट मांडीत. मी शेजारी वाचीत बसे. सौ. बोलावी, मी पुस्तक खाली ठेवीत नसे. (सौ. सवयीने लिहिले गेले. ती जाऊन चार महिने झाले.)

सोंगट्या माझ्याजवळ नाहीत. आजारपणात कुमुद त्यांची पिशवी उशाखाली ठेवी. अकराव्या दिवशी पलंग, गादी, उशी यांचे शय्यादान केले, त्यात पिशवीही गेली. उशी मीच उचलून दिली होती. दान परत मागता येत नाही. सासूबाईंना कळविण्याचे धैर्य नाही. त्यांचे एकच दार मला उरले आहे.

तशाच सोंगट्या विकत घ्याव्या. हे अप्रामाणिक आहे. तरीही.

५ डिसेंबर
बाजारातील खेळण्यांचे दुकान. मालकास सारे दादाजी म्हणतात.
"सोंगट्या? लुडो न्या साहेब. चार जनं खेळतात."
"मला लुडो नको."
"काहून? घरी चार जनं नाहीत काय?"
मी पुन्हा सोंगट्याच मागितल्या. बऱ्याच वेळाने त्याने माळ्यावरून शिवलेली पिशवी काढली. आत पाहू देईना. "टाका उसवला का माल तुमचा." घेतली.

६ डिसेंबर
पिशवी उसवली. काळ्या चार, पिवळ्या चार. हिरव्या पाच आणि लाल तीन. प्रत्येक रंगाच्या चार हव्यात. दोनदा मोजल्या.

७ डिसेंबर
कॉलेजला जाण्यापूर्वी दुकानी गेलो. दादाजींनी दोन्ही हात पुढे केले, जणू मी अंगावर धावून गेलो होतो.
"बोहनी नाही झाली साहेब! सकाळी सकाळी माल वापस आनता?"
दुपारी गेलो. दुकान उघडे, मालक फळीवर घोरत. हाक मारणे प्रशस्त वाटले नाही. अर्धा तास उभा होतो.

८ डिसेंबर
सायंकाळी. नुकताच दिवा लावलेला.
"आता नाही. दिवा लागल्यावर लक्ष्मी बाहेर जात नसते."
"मी पैसे मागत नाही. एक लाल सोंगटी मागतो."
"सोंगटी बी लक्ष्मीच हाय. अन् दोघांतच खेळनार असान तं हेच चालते."
ही निव्वळ टाळाटाळ. सकाळी बोहणी, दुपारी निद्रा, सायंकाळी लक्ष्मी. मी तर्कशास्त्र शिकवितो. या मनुष्यापुढे माझे एक विधान टिकले नाही. परतताना रस्त्यात हसू आले. कुमुद गेल्यानंतर प्रथमच. त्याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत.

१२ डिसेंबर
उपाय सुचला. दुकान उघडताच एक पेन्सिल विकत घेतली.
"झाली बोहणी?"
दादाजी पाहतच राहिले. "तुमी तं वकील निघाले!"
निमूटपणे माळ्यावरच्या सर्व पिशव्या काढल्या. सगळ्या उसवल्या. प्रत्येकीत हिरव्या पाच, लाल तीन. दादाजींनी कपाळावर हात मारला. "त्या सोंगट्या घडवनाऱ्या कातारीबुवाले लाल अन् हिरवा सारखाच दिसत असंन! अन् मी दोन साल विकून राहिलो. कोनं मोजल्याच नाहीत!"
मग विचारले, "एवढं कोनासाठी साहेब?"
का कोण जाणे, सर्व सांगितले. उशीसुद्धा. हे कोणाजवळ बोललो नव्हतो. ते ऐकत होते. गिऱ्हाईक आले त्यास हातानेच थांबविले.
"साहेब, जिनं देल्या तिले तुमी दुसऱ्या दाखवता? हातात घेतल्याबरोबर वळखंन ते माय."
"मग काय करू?"
"खरं सांगा. ते शिव्या देईन. खाऊन घ्या."
ज्या मनुष्यास मी आठवडाभर लबाड समजलो त्याचा आज ऋणी आहे.

२४ डिसेंबर, अकोला
बडनेऱ्यास गाडी बदलून दुपारी पोचलो. पाय धुण्यापूर्वीच सांगितले. नव्या सोंगट्या कशासाठी घेतल्या तेही. सासूबाई उंबऱ्याशी उभ्या होत्या.
"कोनाले देल्या?"
"भिक्षुकांना."
"त्याइच्या घरी लेकरं हायेत?"
"दोन मुली."
त्या आत गेल्या. चहा आला, जेवण आले, शब्द आला नाही. पानावर तूप मात्र नेहमीसारखे, नको म्हणेपर्यंत.

२५ डिसेंबर
सकाळी स्वतःच म्हणाल्या, "पोरी खेळत असतीन तं ठीक हाय." मग, "दाखवा तुमच्या."
पाच हिरव्यांची कैफियत मी मांडू लागलो. त्या ऐकून घेईनात. "जावईबापू, दोघांत लाल-हिरवी एकाचीच असते. आठ हायेत ना? मंग झालं. इतके वर्सं बाजूले बसून तुमाले एवढं बी नाही समजलं?"
म्हणजे दादाजी खरेच बोलले होते. मीच खेळ जाणत नव्हतो. परतल्यावर त्यांना सांगणे आवश्यक.
सासूबाईंनी लाल-हिरव्या घेतल्या, मला काळ्या-पिवळ्या दिल्या. फासे कसे टाकावे हे माझा हात धरून शिकविले. आज या घरात मला जागा मिळाली, याहून अधिक मी मागत नाही.

२६ डिसेंबर
दुपारी पुन्हा बसलो. डाव मध्यावर असताना त्यांनी विचारले,
"आजारात कुमुद कोनासंगं खेळे?"
"एकटीच. दोन्ही बाजूंनी."
"तुमी?"
"शेजारी होतो."
"वाचत?"
"होय."
फासे त्यांच्या मुठीत राहिले. मग खाली ठेवले आणि तुळशीपाशी जाऊन बसल्या. मी बोलावले नाही. बोलावण्याचा अधिकार आहे का, ते ठाऊक नाही.
माझी गाडी उद्या सकाळची. थांबा असे त्या म्हणाल्या नाहीत. जा असेही नाही. खेळी त्यांची आहे. पट मांडलेलाच आहे. मी पुस्तक आणलेले नाही. बसून आहे.